फिटरची फाइल: ऑस्ट्रेलियाच्या स्किल्स असेसमेंटच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून ही वही. काम एकच: फिटर म्हणून ऑस्ट्रेलियाच्या स्किल्स असेसमेंटला, म्हणजे व्हिसाआधीच्या कौशल्य तपासणीला, लागणारी फाइल पूर्ण करायची आणि अर्ज भरायचा. व्हिसा, तिकीट, तिकडची नोकरी या गोष्टी या वहीत नकोत. त्या सुरू झाल्या की कागद बाजूला राहतात आणि गप्पाच होतात.

मुदत कुठून आली तेही लिहून ठेवतो. गुणांवर चालणाऱ्या व्हिसात वयाला गुण आहेत. २५ ते ३२ वयाला ३०, तेहतिसावं पूर्ण झालं की २५. वय धरतात ते व्हिसाला अर्ज करण्याचं निमंत्रण येतं त्या दिवसाचं. एकूण किमान ६५ लागतात, म्हणजे ५ गुण ही चिल्लर नव्हे. मला डिसेंबरात ३३ पूर्ण होतात. आणि असेसमेंटचा निकाल हातात आल्याशिवाय निमंत्रणाच्या रांगेत उभंच राहता येत नाही. म्हणून घाई इथे, बाकी सगळीकडे सावकाश.

९ जानेवारी

पहिला निर्णय व्यवसायाच्या कोडचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची एक वर्गवारी आहे, ॲन्झस्को. तिच्यात प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी नंबर. फिटर (जनरल) ३२३२११, फिटर अँड टर्नर ३२३२१२, फिटर-वेल्डर ३२३२१३. आपल्याकडे सगळ्यांना फिटरच म्हणतात. (डिसेंबरात त्यांच्या सांख्यिकी विभागाने ऑस्का नावाची नवी वर्गवारी आणली आहे, पण व्हिसाचं काम अजून ॲन्झस्कोवरच चालतं. दोन्हींचे नंबर एकत्र करून गोंधळ करायचा नाही.)

मी वेल्डिंग करतो, नाही असं नाही. गार्ड, ब्रॅकेट, पाइपचा सपोर्ट. लेथवर बुश काढतो. पण ब्रेकडाउन रजिस्टर उघडून मागच्या काही महिन्यांची पानं चाळली तर माझ्या नावापुढे पंप, गिअरबॉक्स, कपलिंग, बेअरिंग, हायड्रॉलिक सिलिंडर हेच आहे. वेल्डिंग तोंडी लावण्यापुरतं. कोड हाताला काय येतं यावरून घ्यायचा नसतो, आठवडाभर काय करतो आणि त्याचा कागद कुठे आहे यावरून घ्यायचा असतो. ३२३२११ पक्का.

१५ जानेवारी

असेसमेंट नेमकं कोण करतं ते नीट वाचलं. वरचा अधिकार ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे टीआरएचा. तो तिकडच्या रोजगार खात्याचा भाग आहे. भारतातून अर्ज करणाऱ्या कारागिरांची प्रत्यक्ष तपासणी टीआरए स्वतः करत नाही, तिने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्था करतात. पहिल्या टप्प्यात फक्त कागद. तो ओलांडला तर त्या ट्रेडचा जाणकार मुलाखत घेतो, काही ट्रेडना प्रात्यक्षिकही असतं. अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत किमान बारा महिने पूर्णवेळ त्याच कामाचे हवेत. ती अट माझ्यापुरती निभावते.

सूचनापत्रातली कागदांची यादी लांबलचक आहे. पण चार प्रश्नच त्यात फिरून फिरून येतात: माणूस कोण, शिकला कुठे, पगार घेऊन काम कुठे केलं, आणि नेमकं काय केलं. मी स्वतःला एक नियम घातला आहे. प्रत्येक उत्तराला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले कागद. कंपनीचं पत्र आणि कंपनीचीच पगारस्लिप हे माझ्या हिशेबात एकच ठिकाण. पत्र कंपनीचं आणि पासबुक बँकेचं किंवा पीएफचं, तर दोन.

१९ जानेवारी

कागदांवर माझी नावं तीन. दहावीच्या आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर दोन रकाने, त्यात वडिलांचं नाव माझ्या नावाला चिकटून बसलेलं. वर वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे दोन ‘ई’ने, दुसरीकडे ‘आय’ने.

आपल्याला यात काहीच वाटत नाही. तिकडे बसलेल्या माणसासाठी ही तीन माणसं असू शकतात. राजपत्रात नाव बदलायची गरज नाही, कारण नाव बदललेलंच नाही. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून नोटरीपुढे सही केली: अमुक, अमुक आणि अमुक ही नावं एकाच व्यक्तीची, आणि कुठलं नाव कुठल्या कागदावर तेही प्रमाणपत्र क्रमांकासकट लिहिलं. नोटरीकडच्या तयार नमुन्यात फक्त ‘वरील सर्व नावे माझीच’ एवढंच होतं. क्रमांक घालायला सांगितल्यावर टायपिस्टने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण घातले.

२७ जानेवारी

शिक्षणाची बाजू सोपी आहे, माझ्या फाइलमधली एवढीच सोपी. फिटर ट्रेड दोन वर्षांचा, एनसीव्हीटीचं (केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं) राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र २०१२चं. त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एक वर्ष अप्रेंटिसशिप, त्याचं वेगळं प्रमाणपत्र. अनेक जण हे दुसरं कपाटात विसरतात. ते शोधाच. आयटीआय म्हणजे वर्ग आणि वर्कशॉप, अप्रेंटिसशिप म्हणजे चालू कारखान्यात शिकणं, आणि तिकडची कारागीर घडवण्याची पद्धत याच दोन पायांवर उभी आहे.

एक बारीक गोष्ट. माझ्या प्रमाणपत्रावर श्रम व रोजगार मंत्रालय आहे, माझ्या मागून पास झालेल्या भावाच्या प्रमाणपत्रावर कौशल्य विकास मंत्रालय. २०१५ मध्ये प्रशिक्षणाचं काम त्या मंत्रालयाकडे गेलं म्हणून. दोन भारतीय फिटरांची प्रमाणपत्रं वेगळी दिसली तर शंका नको, म्हणून फाइलच्या मुखपत्रात एक ओळ टाकली. त्या काळचा अभ्यासक्रम आणि गुणपत्रिका दोन्ही जोडल्या.

४ फेब्रुवारी

पहिली नोकरी साखर कारखान्यात, हंगामी फिटर. पत्र मराठीत, पगारपत्रकं मराठीत. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर लागतं. अडचण भाषांतराची नाही, हंगामाची आहे. गाळप चालू असताना पूर्ण पगार, बंद हंगामात रिटेन्शन, म्हणजे काम नसताना मिळणारा पगाराचा काही भाग. वर्षभर नाव पटावर, पण काम वर्षभराचं नाही. हा काळ पूर्णवेळ म्हणून मोजायला मागितला तर उरलेल्या फाइलवरही संशय येईल. म्हणून तो कामाच्या इतिहासात आहे तसा लिहायचा, ‘हंगामी’ हा शब्द ठळक ठेवायचा, आणि वर्षांच्या बेरजेत धरायचा नाही. मिलची रोलर बेअरिंग उघडून बसवणं तिथेच शिकलो, त्यामुळे कौशल्याच्या बाजूने त्याचा उपयोग आहेच.

११ फेब्रुवारी

आता खरं दुखणं. २०१५ ते २०१९ मी एका मोठ्या प्लांटमध्ये होतो, पण कंत्राटदाराच्या पटावर. काम फिटरचं, हजेरीपटावर पद ‘हेल्पर’. कंत्राटदाराने नंतर धंदा गुंडाळला. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत काम संपल्यावर कामगाराला सेवा प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती. ते कुणी कधी दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्या तेव्हाच्या फोरमन साहेबांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत.

“साहेब, मला तुम्ही कपलिंगला हात लावू द्यायचात, मग पटावर हेल्पर का?”

“अरे, कुशल लिहिलं की किमान वेतनाचा दर चढतो. अकुशल लिहिलं की कंत्राटदाराचे पैसे वाचतात. आम्हाला कुठे विचारून लिहीत होते ते?”

एवढी सरळ गोष्ट. एका रकान्यातल्या शब्दाने त्याचे पैसे वाचले आणि माझी वर्षं अडकली.

१८ फेब्रुवारी

प्लांटच्या एचआरला भेटलो. माणूस भला, पण पत्र द्यायला तयार नाही. कारण ऐकल्यावर पटलं. ‘हा आमच्या देखरेखीखाली फिटर म्हणून काम करत होता’ असं लेटरहेडवर लिहून दिलं, तर उद्या तेच पत्र घेऊन कोणीही कामगार न्यायालयात जाईल, की कंत्राट नावापुरतं होतं आणि मी कंपनीचाच नोकर. देखरेख कोणाची हाच अशा दाव्यांचा गाभा असतो. त्यांना माझी भीती नाही, पत्राची आहे.

मग मागणी बदलली. अनुभवाचं पत्र नको, फक्त वस्तुस्थिती द्या: अमुक कंत्राटदाराचा कामगार म्हणून या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्या आवारात प्रवेशाचा पास दिलेला होता, आणि सुरक्षा प्रशिक्षणाच्या नोंदवहीत ट्रेड ‘फिटर’ असा आहे. याला ते तयार झाले. पासवर मागच्या बाजूला ट्रेडचा रकाना असतो हे त्यांनाच आठवलं.

२५ फेब्रुवारी

पीएफचं पासबुक काढलं. हेच त्या चार वर्षांचं सगळ्यात भक्कम हाड. महिन्यागणिक वर्गणी, आस्थापनेचं नाव कंत्राटदाराचं, कुठला महिना सुटलेला नाही. फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, मला कधी मिळालाच नाही, कारण पगारातून कर कापण्याइतका पगारच नव्हता. सूचनापत्रात कराचे कागद मागितले आहेत, म्हणून वेगळी ओळ लिहिली: त्या काळात उत्पन्न करपात्र मर्यादेखाली होतं, त्याऐवजी पीएफ आणि बँकेचं स्टेटमेंट जोडलं आहे. मागितलेला कागद नसेल तर जागा रिकामी सोडायची नाही, का नाही ते लिहायचं.

फोरमन साहेबांचं प्रतिज्ञापत्रही झालं. त्यात त्यांनी काय पाहिलं एवढंच आहे: कुठल्या विभागात, कुठल्या काळात, माझ्याकडून कुठली कामं करून घेतली, आणि पटावर पद वेगळं का होतं. सोबत त्यांचं स्वतःचं कंपनीचं सेवा प्रमाणपत्र, म्हणजे ते तेव्हा तिथे फोरमन होते हे वेगळं सिद्ध होतं. साक्षीदाराचीही कागदपत्रं लागतात हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

३ मार्च

मित्राच्या ओळखीचा एक एजंट भेटला. म्हणाला, “दादा, हेल्परचं टेन्शन घेऊ नका, लेटर आपण बनवून देऊ. शिक्का, सही, फोन उचलणारा माणूस, सगळं.” चहा न घेता उठलो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांत ४०२० नंबरची एक अट आहे. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर अर्ज तर जातोच, वर तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद. खऱ्या कामाला खोटा कागद जोडून खरं कामही खोटं ठरवून घ्यायचं, हा व्यवहार मला कळत नाही.

१० मार्च

सध्याच्या कंपनीचं पत्र. इथे अडचण उलटी: पत्र द्यायला सगळे तयार, पण त्यात काही नाही. एचआरचा ठरलेला नमुना असा की ‘श्री. अमुक हे आमच्याकडे या तारखेपासून मेंटेनन्स फिटर म्हणून कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.’ वर्तणुकीला तिकडे शून्य किंमत. त्यांना पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, यंत्रं, हत्यारं, आणि सही करणाऱ्याचं पद व फोन हवा. तास ४८ लिहिले, जे प्रत्यक्ष आहेत. ओव्हरटाइम लिहून तास फुगवण्यात अर्थ नाही.

कामाचं स्वरूप लिहिताना सोपी वाट म्हणजे ॲन्झस्कोमधलं वर्णन उचलून चिकटवणं. तशी पत्रं तपासणाऱ्यापुढे रोज येत असणार. मी त्यांच्या प्रशिक्षणाच्या बाजूने गेलो. फिटरची तिकडची पात्रता म्हणजे इंजिनिअरिंग मेकॅनिकल ट्रेडचं सर्टिफिकेट थ्री, कोड एमईएम ३०२१९. त्याचे घटक सरकारी संकेतस्थळावर उघडे आहेत: तांत्रिक ड्रॉइंग वाचणं, इंजिनिअरिंग मोजमाप, सुटे भाग उघडणं-बदलणं-जोडणं, यंत्रांचं लेव्हलिंग आणि अलाइनमेंट, हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक देखभाल. एकेका घटकाखाली काय काय करता आलं पाहिजे ते दिलेलं आहे. त्यांची यादी एका बाजूला, माझं ब्रेकडाउन रजिस्टर दुसऱ्या बाजूला, आणि रोज पाळी संपल्यावर जुळवणी.

१४ मार्च

पत्राच्या मसुद्यातला एक परिच्छेद इथे उतरवतो, कारण यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

आधी होतं: ‘पंप व मोटरची देखभाल व दुरुस्ती करणे.’

आता आहे: ‘सेंट्रिफ्युगल पंपाचा वीजपुरवठा बंद करून स्वतःचं कुलूप व टॅग लावणे, व्हॉल्व्ह बंद करून दाब काढणे; पुलरने कपलिंग व जुनं बेअरिंग काढणे; शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने तपासणे; नवं बेअरिंग इंडक्शन हीटरवर तापवून बसवणे; मोटरच्या पायाखालची फट फीलर गेजने पाहून शिम घालणे; डायल इंडिकेटरने अलाइनमेंट करून रीडिंग ०.०५ मिलिमीटरच्या आत आणणे व नोंदवहीत लिहिणे.’

मेंटेनन्स मॅनेजर साहेबांनी वाचलं, म्हणाले, “हे तर तू रोजच करतोस, यात लिहिण्यासारखं काय आहे?” तेच तर. रोजचं म्हणून कुणी लिहीत नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून तपासणाऱ्याला दिसत नाही. त्यांनी एक दुरुस्ती केली. मी ‘गिअरबॉक्स ओव्हरहॉल’ माझ्या एकट्याच्या नावावर लिहिलं होतं, ते ‘टीमचा सदस्य म्हणून’ केलं. योग्यच. मुलाखतीत गिअरच्या बॅकलॅशवर (दातांमधल्या मोकळ्या फटीवर) चार प्रश्न आले असते तर एकट्याने केल्याचा आव अंगाशी आला असता.

पत्र कंपनीच्या ईमेलवरून, लँडलाइनच्या नंबरासह. वैयक्तिक मेलचा पत्ता दिला की पडताळणी तिथेच लंगडी पडते.

२४ मार्च

फोटो. मी काम करतोय हे दिसलं पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे, हेल्मेट-गॉगल-हातमोजे असले पाहिजेत, आणि कारखान्यात मोबाइलला बंदी. सेफ्टी विभागाकडे लेखी परवानगी मागितली. अट घातली की मागे कुठलं उत्पादन किंवा कंट्रोल पॅनल दिसता कामा नये. ठीक. रविवारच्या शटडाउनला एकाच पंपाचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपलं: कुलूप लावताना, उघडताना, मोजताना, डायल लावताना. हातात पाना धरून यंत्राशेजारी उभं राहिलेले फोटो सगळे काढून टाकले. लग्नाच्या अल्बमसारखे दिसत होते.

प्रत्येक फोटोखाली तारीख, यंत्र, काम आणि पत्रातला परिच्छेद क्रमांक.

२ एप्रिल

स्कॅनिंग, सगळं मूळ कागदावरून, रंगीत. झेरॉक्सवरून स्कॅन नाही. फाइलींना क्रमांक. कंटाळवाणं काम, झालं.

७ एप्रिल

अर्ज भरला, फी भरली. मुखपत्र एका पानाचं ठेवलं: कुठल्या नोकरीला कुठले पुरावे, कुठे पुरावा कमी आणि त्याजागी काय. कंत्राटी काळ सगळ्यात वर ठेवला. जे कच्चं आहे ते आपणच आधी दाखवलेलं बरं, त्यांनी शोधून काढण्यापेक्षा.

१९ मे

पत्र आलं. नामंजुरी नाही, खुलासा मागितला आहे. अपेक्षा कंत्राटी काळाबद्दल होती, प्रश्न मात्र सध्याच्या नोकरीबद्दल: पगारस्लिपवर पद ‘टेक्निशियन’ आणि पत्रात ‘मेंटेनन्स फिटर’, हे कसं? कंपनीने तीन वर्षांपूर्वी ग्रेड बदलले, तेव्हा सगळ्या फिटर-इलेक्ट्रिशियनना टेक्निशियन केलं होतं. एचआरकडून त्या परिपत्रकाची प्रत आणि दोन ओळींचं पत्र घेऊन पाठवलं. हेल्परचं कोडं आम्ही इतकं सोडवून दिलं होतं की त्यावर त्यांना विचारायला काही उरलं नसावं.

५ जून

कागदाचा टप्पा पार. मुलाखत ठरली, व्हिडिओवर, इंग्रजीत.

तयारीत एक गोष्ट वर घेतली आहे: ड्रॉइंग. आयटीआयमध्ये आम्ही फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकलो. ऑस्ट्रेलियात थर्ड अँगल चालतं. त्यात वरून दिसणारं दृश्य वरच काढतात, आपल्याकडे ते खाली येतं. नजरेला सवय नसेल तर डावीकडची भोकं उजवीकडे वाचली जातात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघायचं, मग बाकीचं. रोज एक जुनं ड्रॉइंग दोन्ही पद्धतीने काढतो आहे.

दुसरी तयारी तोंडाची. हाताने करतो ते इंग्रजीत क्रमाने सांगायचं. बेअरिंग का तापवायचं, आणि १२५ अंशांच्या वर का न्यायचं नाही. वीजपुरवठ्यावर ग्रुपमधल्या दुसऱ्याचं कुलूप अजून लागलेलं असेल तर काय करायचं. (काही नाही. तो येईपर्यंत थांबायचं.) भाऊ समोर बसून प्रश्न विचारतो आणि मध्येच “म्हणजे काय?” करतो. ते फार उपयोगी पडतंय.

१२ जून

मुलाखत २४ तारखेला, आपले सकाळचे साडेसहा, त्यांचे अकरा. त्या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे. दुसरी मागण्याचा अर्ज आजच टाइमऑफिसला दिला.